पाच नोव्हेंबरला सावळज आणि अंकलखोपचंही नाव घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी रंगभूमी दिनाच्या निमित्तानं 5 नोव्हेंबरला आपण काढलेली चार पानांची पुरवणी मी दोनदा वाचली. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्यापुढं देवल, खाडिलकर, बालगंधर्व. सगळं बरोबर आहे आणि जिव्हाळ्यानं लिहिलेलं आहे. पण ती पानं वाचून आजच्या पोराला असं वाटेल की 1843 ते 1880 ही सदतीस वर्षं मराठी माणूस रिकाम्या मैदानात ‘शाकुंतल’ची वाट बघत बसला होता. तसं नव्हतं. ते मैदान रात्र रात्र भरलेलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या तालुक्याच्या गावी रंगभूमी दिनाचा कार्यक्रम होता. नटराजाची पूजा झाली, नाट्यपदं झाली, भाषणं झाली. शेवटी ‘कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का’ असं विचारलं, तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, आज तमाशाचा वग उभा करणाऱ्या सावळजच्या उमा-बाबूंचं नाव घ्या, सर्कस काढणाऱ्या अंकलखोपच्या छत्र्यांचं घ्या. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ शिकलेले, बोलायला गोड. म्हणाले, “काका, त्यांचा वेगळा कार्यक्रम कधीतरी करू. आज नाटकाचा दिवस आहे.” मी खाली बसलो. घरी आल्यावर घास उतरेना. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आधी मी कोण ते सांगतो. मी तासगाव तालुक्यातला, वय एकाहत्तर. सोळाव्या वर्षी तमाशाच्या फडात बत्ती सांभाळायला लागलो. पहिली दोन-तीन वर्षं गॅसबत्ती, मग जनरेटर आला. पुढं फड सोडला, मांडवाच्या लायटिंगचा धंदा केला. माझा आजा दिवटीवाला होता आणि त्याचा बापही दिवटीच धरायचा. आमच्या घरात कुणी गायलं नाही, कुणी नाचलं नाही. आम्ही उजेड धरला. त्यामुळं मी जे सांगणार आहे ते उजेडाच्या बाजूनं सांगणार आहे. ही बाजू पुस्तकांत फार कमी येते.

आजाची दिवटी अजून माझ्याकडं आहे. हातभर लोखंडी दांडा आणि वर वाटीसारखं तोंड. त्यात जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या पिळून घट्ट बसवायच्या. नवं कापड चालत नाही, त्याची खळ जळताना चरचरते आणि धूर धरते. दुसऱ्या हातात तेलाची बुधली. तेल कमी पडलं की काजळी उडून नटाच्या डोळ्यांत जाते, जास्त झालं की पेटते थेंब खाली गळतात. आजाच्या उजव्या पावलावर अशा थेंबांचे पांढरे डाग होते. तो ते पोरांना मोजायला लावायचा.

आणि राळ. राळेचे खडे किराणा दुकानात मिळायचे. ते कुटायचे, फडक्यातनं चाळायचे, इतकी बारीक करायची की फुंकरीनं उडावी. राक्षस यायची वेळ झाली की मुठीत राळ घ्यायची आणि मूठ मोकळी सोडत, खालून वर, ज्योतीच्या आडवी फेकायची. भक्कन पुरुषभर उंचीचा भडका उठतो आणि मिटतो. तेवढ्या एका क्षणात राक्षसाचं तोंड, त्याचे सुळे, त्याच्या मुकुटाचा बेगड, सगळं मैदानाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही दिसलं पाहिजे. राळ थोडी जाडी राहिली तर नुसत्या ठिणग्या पडतात आणि लोक हसतात. आजा म्हणायचा, राक्षस आपण आणतो, नट नुसता चालत येतो.

हे एवढं तपशिलानं सांगतोय, कारण भाव्यांचं नाटक कसं असेल हे मला पुस्तक वाचून कळलं नव्हतं, त्या भडक्यानं कळलं.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर 5 नोव्हेंबर 1843 ला जो खेळ झाला, त्याची मांडणी आज कुणीही वाचू शकतो. त्याआधी उत्तर कानड्यातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले होते, आणि तसंच पण अधिक नेटकं काहीतरी मराठीत करावं, असं पदरच्या विष्णुदासांना सांगितलं होतं. सूत्रधार पदं म्हणतो. विदूषक येऊन त्याच्याशी बोलतो. गणपती येतो. मग मोरावरची सरस्वती नाचत येते. त्यापुढं आख्यान लागतं. पदं सूत्रधाराची आणि बोलणं नटाचं स्वतःचं, जागच्या जागी सुचलेलं. देवपार्टी वेगळी, राक्षसपार्टी वेगळी, स्त्रीपार्टी वेगळी. राक्षसपार्टी आली की आरडाओरडा, उड्या, तलवारींचे हात.

पुढच्या काळातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी या खेळांना ‘अलल्डुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी नावं ठेवली. मला त्याचं वाईट वाटतं. दिवटीच्या उजेडात पंधरा पावलांपलीकडं डोळ्यांतला भाव दिसत नाही, ओठांची थरथर दिसत नाही. दिसतो तो हात, दिसते ती उडी, ऐकू येते ती आरोळी. रंगांचंही तेच. त्या पिवळ्या उजेडात निळं काळं दिसतं, हिरवं मळकट दिसतं. तांबडं आणि पिवळं तेवढं टिकतं. म्हणून देवाचा पितांबर पिवळा, राक्षसाच्या तोंडाला हिंगूळ, डोळ्यांभोवती काजळ, कपाळाला पिवडी आणि मुकुटाला बेगड. जे कारागीर हे जाणून काम करत होते त्यांना अडाणी म्हणायचं, तर मग जाणता कुणाला म्हणायचं?

आता हाच उजेड थोडा पुढं नेऊ. सांगलीपासून एका दिवसाच्या चालीवर सावळज आहे, आमच्याच तासगाव तालुक्यात. तिथले उमा-बाबू सावळजकर, मातंग समाजातले कलावंत. त्यांच्या ‘मोहना-बटाव’पासून वगाची, म्हणजे तमाशातल्या कथानाट्याची, सुरुवात धरतात, साल 1865 च्या आसपासचं. त्याआधीही तमाशा होताच. पेशवाईच्या अखेरीस राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर यांच्या लावण्या-पोवाड्यांनी फड गाजवले होते. पण सलग एक गोष्ट, त्यातली माणसं, त्यांची हजरजबाबी बोलणी, आणि ती गोष्ट पहाटेपर्यंत ओढून न्यायची ताकद, हे वगानं आणलं.

फडात उभा राहून हा क्रम मी शेकडो वेळा पाहिलाय. आधी गण, म्हणजे गणपतीची आळवणी. मग गवळण, त्यात सोंगाड्या पेंद्या होऊन कृष्णाच्या आगेमागे करतो आणि मावशी ठुमकत येते. मग बतावणी, त्यात गावातली, चावडीवरली, बाजारातली टवाळी. आणि मग वग. आता भाव्यांचा क्रम शेजारी ठेवून बघा. तिकडं गणपती, इकडं गण. तिकडं विदूषक, इकडं सोंगाड्या. तिकडं आख्यान, इकडं वग. बोलणं दोन्हीकडं नटाच्या तोंडचं, कागदावर नसलेलं. पदाला मागनं सूर धरणारी माणसं दोन्हीकडं आहेत. तिकडं मृदंग, इकडं ढोलकी, हलगी, तुणतुणं.

एकानं दुसऱ्याचं उचललं, असं मी म्हणत नाही. भाव्यांनी कर्कीच्या मंडळींकडून घेतलं ते उघड आहे. फडानं लळितातून, गोंधळातून, कीर्तनातून आणि स्वतःच्या अंगातून घेतलं. माझं म्हणणं एवढंच की समोर बसलेला माणूस तोच होता. कुणबी, सुतार, तेली, वाणी, भटजीबुवा, संस्थानातला शिपाई. त्याला एका रात्री काय काय लागतं, हे दोन्हीकडच्यांनी चांगलं ओळखलं होतं. त्याला देवाचं नाव आधी लागतं, मग हसू लागतं, मग गोष्ट. आणि गोष्टीतही मधूनमधून त्याच्या गल्लीतलं कुणीतरी यावं लागतं.

मग एकाला ‘नाटक’ आणि दुसऱ्याला ‘ते वेगळं’ कशानं म्हणायचं? त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोण कुठल्या आळीतून आला त्यावर ते ठरलं. आमच्याच जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष इथं 1866 साली श्रीधर कृष्णा कुळकर्णी जन्मले, तेच पुढचे पठ्ठे बापूराव. ब्राह्मण घरातलं पोर तमाशाच्या बोर्डावर गेलं, नर्तकी पवळाबाईंच्या साथीनं उभं राहिलं, म्हणून गोताला मुकलं. त्यांची लावणी चांगली होती म्हणून कुणी त्यांना घरात घेतलं नाही. म्हणजे भिंत होती ती कलेची नव्हती. माणसांनी बांधलेली ती भिंत 5 नोव्हेंबरच्या भाषणांत आपण अजून लिंपत बसलो आहोत.

मुंबईची हकिकत मी थोडक्यात आटोपतो, कारण ती पुष्कळांनी लिहिली आहे. 1851 साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा आश्रय सुटला. मंडळी घेऊन ते दौऱ्यावर निघाले आणि 1853 साली ग्रँट रोडच्या नाटकशाळेत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. ही नाटकशाळा नाना शंकरशेटांनी 1846 साली उभी केलेली. त्याच 1853 मध्ये त्याच नाटकशाळेत पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबाचा खेळ केला आणि शेवटी ‘धनजी गरक’ नावाचा फार्स जोडला. मुख्य खेळ राजेराण्यांचा किंवा देवदानवांचा, आणि लोक घरी जायच्या आधी हसवायला फार्स, ही चाल विलायती थिएटरातून आली आणि मुंबईत रुजली. 1856 साली अमरचंदवाडीकर मंडळींनी मराठीत फार्स केला. मग इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा सगळ्याच मंडळ्यांना फार्स ठेवावा लागला, कारण नुसत्या आख्यानावर गल्ला भरेना.

इथं थोडं थांबतो. पुरवणीत फार्सावर अर्धी ओळ आहे, ‘प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी जोडलेले हलके तुकडे’ म्हणून. आख्यानात इंद्र बोलायचा, रावण बोलायचा. जरठ नवरा, व्याजानं गळा आवळणारा सावकार, चार इंग्रजी शब्द शिकून बापाला शहाणपण सांगणारा पोरगा, ही माणसं स्टेजवर आली ती फार्सातून. दाराशी भाजीवाली बोलते तसं मराठी बोलायचं धाडस नाटकवाल्यांना आधी फार्सात झालं. 1861 साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे गद्य नाटक लिहिलं, त्याचा मान मोठाच आहे. पण जाग्यावर सुचलेलं गद्य हजार लोकांपुढं बोलून पचवायची सवय नटाला कुठं लागली होती? आख्यानाच्या भाषणांत लागली होती आणि फार्सात लागली होती. फडातल्या बतावणीत तर ती आधीपासून होती. त्या तुकड्यांना हलके म्हणू नका, ही कळकळीची विनंती.

आता सर्कशीकडं येतो. माझ्या मनात सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट ही आहे.

कृष्णाकाठचं अंकलखोप, तिथं 1840 साली विष्णुपंत मोरेश्वर छत्रे जन्मले. त्यांना घोड्यांचं वेड आणि गाण्याचंही वेड. ती दोन वेडं घेऊन ते ग्वाल्हेरला गेले. बाबासाहेब आपट्यांकडं घोड्याची विद्या शिकले आणि हद्दू खाँसाहेबांकडं गाणं. परत आल्यावर संस्थानी पागेत चाबूकस्वार झाले. 1879 साली कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली. विष्णुपंतांनी ती पाहिली. सांगतात की कियारिनीनं तिथं म्हटलं, हिंदुस्थानात अशी सर्कस उभी राहायला अजून पुष्कळ वर्षं जावी लागतील. आणि 1880 साली विष्णुपंतांची सर्कस उभी राहिली. ‘ग्रेट इंडियन सर्कस’. हिंदी माणसानं उभी केलेली पहिली सर्कस म्हणून सगळीकडं तिचंच नाव घेतात.

इतक्या लवकर हे कसं झालं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. सर्कशीचं रिंगण जगभर साधारण बेचाळीस फुटांचं असतं. हे माप अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप अ‍ॅस्ट्लीच्या काळापासून चालत आलं, आणि ते घोड्यावरून ठरलं, माणसावरून ठरलं नाही. एवढ्या वर्तुळात घोडा एकसारख्या चालीनं पळत राहिला की तो आतल्या बाजूला कलतो, आणि त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला तो कलच धरून ठेवतो. वर्तुळ लहान झालं तर घोडा अडखळतो, मोठं झालं तर तो सरळ होतो आणि स्वाराला धरून ठेवणारा कल राहत नाही. पागेत दोरीवर घोडा गोल फिरवून वळण लावण्यात ज्याची उमर गेली त्या चाबूकस्वाराला हे समजावून सांगायला इटालियन लागत नाही. कियारिनीचं रिंगण बघताना विष्णुपंतांना ते घरचंच वाटलं असणार.

आणि बघणाऱ्यांनाही. घोडा गोल धावतोय आणि भोवती हजारो माणसं श्वास रोखून उभी आहेत, हे आमच्या लोकांनी वारीच्या रिंगणात पाहिलेलं होतं. त्या गर्दीला सर्कस परकी वाटली नाही, याचं मला नवल वाटत नाही.

विष्णुपंतांच्या मोठेपणाची आणखी एक गोष्ट. गुरू हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ हलाखीत फिरत होते. विष्णुपंतांनी त्यांना शोधून आणलं आणि जन्मभर सांभाळलं. सर्कशीचा मुक्काम पडेल तिथं खाँसाहेबांचा मुक्काम. ज्या मुदपाकखान्यातून झुल्यावरच्या पोरांना भाकरी जायची त्याच मुदपाकखान्यातून ‘भूगंधर्व’ म्हणून पुढं ज्यांची कीर्ती झाली त्या गायकाचं ताट जायचं. खाँसाहेब 1922 साली कुरुंदवाडला वारले, छत्र्यांच्याच माणसांत. आज जो कुणी म्हणतो की गाणं एकीकडं आणि कसरत एकीकडं, उच्च एकीकडं आणि रंजन एकीकडं, त्याला ही एक गोष्ट सांगावी. त्या काळच्या माणसाच्या पोटात या दोन्ही गोष्टी एकत्र मावत होत्या.

या बीजाला फळं किती आली ते बघा. म्हैसाळचे देवल सर्कशीत उतरले, कारलेकर उतरले. विष्णुपंत दक्षिणेत केरळच्या थलशेरीला गेले होते. तिथल्या किलेरी कुंजिकण्णन या कसरतीच्या शिक्षकांशी त्यांचा संबंध आला, आणि कुंजिकण्णन यांनी पुढं सर्कशीसाठी मुलं तयार करायला सुरुवात केली. आज ‘सर्कसचं गाव’ म्हटलं की लोक थलशेरीचं नाव घेतात. तिथल्या सरकारनं 2010 साली सर्कशीची अकादमीही काढली. केरळच्या लोकांचं मला कौतुक आहे. त्यांनी आपल्या माणसांची नावं जपली. अंकलखोपच्या रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या जातात, त्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

1880 या सालाकडं परत येतो. ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात झालं, ते आपण मोठ्या अक्षरात छापलंत. त्याच वर्षी विष्णुपंतांची सर्कस सुरू झाली, ते छापलं नाही. अण्णासाहेबांनाही पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ बघून संगीत नाटकाची कल्पना सुचली, असं सांगतात. म्हणजे तेही बाजारात हिंडून, गर्दीत बसून, लोक कुठं माना डोलावतात ते बघूनच कामाला लागले. किर्लोस्करांनी कियारिनीसारख्याचा तंबू बघितला असता तरी त्यांनी नाक मुरडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. नाक मुरडायला आपण नंतर शिकलो.

माझा आजा सांगायचा की त्याच्या बापानं एकाच जत्रेत तीन रात्री तीन ठिकाणी दिवटी धरली. पहिल्या रात्री देवळापुढं गोंधळात, दुसऱ्या रात्री फडात आणि तिसऱ्या रात्री नाटकवाल्या मंडळींचा दिवटीवाला तापानं पडला म्हणून त्यांच्याकडं. तिन्ही ठिकाणी मजुरी तीच आणि राळ त्याच पिशवीतली. नाटकवाल्यांकडं त्याला जेवायला मात्र मांडवाबाहेर बसवलं. हे आजा रागानं सांगायचा नाही. ‘असं होतं’ म्हणून सांगायचा. राग मला येतो.

संपादक महाराज, माझं मागणं फार नाही. पुढच्या 5 नोव्हेंबरच्या पुरवणीत एक पान सावळजला द्या आणि एक अंकलखोपला. बातमीदार पाठवा, मी बरोबर येतो. दोन्ही गावांत सत्तरीपुढची माणसं अजून आहेत, त्यांनी घरातनं ऐकलेलं आहे, आणि ती गेली की ते ऐकलेलं संपलं. जुन्या फडवाल्यांच्या घरात वह्या असतात, कसर लागलेल्या, पण वाचता येतात. सर्कशीत काम केलेल्या घरांत फोटो असतात. ते फोटो अभ्यासकांनी बघितले पाहिजेत, भंगारवाल्यानं नव्हे. आणि शाळांच्या सहली सांगलीला गणपतीच्या देवळात जातात, तिथून त्या मुलांना अर्ध्या दिवसात ही दोन्ही गावं दाखवून होतात.

ज्यांनी मला खाली बसवलं त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांना मी घरी बोलावलंय. ते येतो म्हणालेत.

शेवटचं एक. पुढच्या रंगभूमी दिनाला भाव्यांच्या पद्धतीचा राक्षसाचा प्रवेश कुणी करणार असेल, सांगलीत करो नाहीतर कुठंही, तर विजेचे सगळे दिवे पाच मिनिटं बंद ठेवावेत. दिवटी मी आणतो, चिंध्या मी पिळतो, राळ कुटून वस्त्रगाळ करून ठेवलेली आहे. हात अजून थरथरत नाही. फक्त पुढच्या दोन रांगा मोकळ्या ठेवायला सांगा आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा.

आपला,
एक जुना बत्तीवाला,
तासगाव तालुका, जि. सांगली